पॉइंट टू-टू : आकडा एक, रायफली अनेक

रोह्याच्या पश्चिमेला फणसाडचे जंगल आहे. मुरूड, अलिबाग आणि रोहा या तीन तालुक्यांत पसरलेले हे रान एकेकाळी जंजिरा संस्थानच्या नवाबांसाठी शिकारीला राखून ठेवलेले होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९८६ साली फणसाड अभयारण्य झाले. शिकारीचा जमाना संपला. पण त्या काळात रीतसर परवाना काढून घेतलेली शस्त्रे महाराष्ट्रात काही घरांतून वारशाने पुढे आली. त्यांतच एखादी लहानशी, हलकी रायफल असते. तिला सगळे 'पॉइंट टू-टू' म्हणतात.

अशी जुनी रायफल अडकू लागली की घरातले कोणीतरी म्हणते, 'अमक्याकडे टू-टूच आहे, तिचा पार्ट काढून हिला लावू.' वरवर पाहता यात काही गैर वाटत नाही. पण हे करू नये. का करू नये, तेच आज समजून घेऊ.

आधी हा आकडा काय सांगतो ते पाहू. पॉइंट टू-टू म्हणजे नळीचे भोक साधारण ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. आकड्यातून एवढेच कळते. रायफल कोणी बनवली, कधी बनवली, आतली रचना कशी आहे, हे त्यातून कळत नाही. पाच लिटरचा कुकर म्हटला म्हणून एका कंपनीची रिंग दुसऱ्या कंपनीच्या कुकरला बसते का? तसेच हे आहे.

या रायफलीचे काडतूस 'रिमफायर' जातीचे. पितळी पुंगळीच्या बुडाला बारीक कड असते आणि पेटणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो. फायरिंग पिन कडेवर आदळते, कड चेपते आणि मसाला पेटतो. कडेची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पिन किंचित आखूड असली तर काडतूस फुटत नाही. किंचित लांब असली तर ती नळीच्या तोंडावर आपटून तिथे खळगा पाडते.

काडतुसांतही भावंडे आहेत. 'शॉर्ट' १८५७ सालचे, 'लाँग रायफल' १८८७ सालचे, तर 'मॅग्नम' १९५९ सालचे. शॉर्ट आणि लाँग रायफल यांची जाडी सारखी आहे, मॅग्नम मात्र जाड आहे. मॅग्नमच्या नळीत लाँग रायफलचे काडतूस सैल बसते आणि पुंगळी फाटण्याचा धोका राहतो. तेव्हा 'टू-टूच्या गोळ्या द्या' एवढे म्हणून भागत नाही. नळीवर कोरलेले नाव वाचावे लागते.

आता अर्धस्वयंचलित, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफलीकडे वळू. एनसीसीत ज्यांनी टू-टू चालवली आहे त्यांना आठवेल, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातही हेच लाँग रायफलचे काडतूस असते आणि दर गोळी हातानेच भरायची असते. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम काडतूसच करते. गोळी पुढे जाते तेव्हा पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला ढकलते, रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता नवे काडतूस नळीत जाते. चाप एकदा ओढला की गोळी मात्र एकच सुटते.

बहुतेक टू-टूंमध्ये बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच तो वेळेआधी उघडत नाही. हा तोल त्या मॉडेलसाठी, त्या काडतुसासाठी जुळवलेला असतो. दुसऱ्या रायफलीची मऊ स्प्रिंग घातली तर नळीतला दाब उतरायच्या आत बोल्ट मागे जाऊ शकतो आणि पातळ पुंगळी नेमबाजाच्या तोंडाजवळ फुटू शकते. स्प्रिंग कडक असली तर पुंगळी अर्धवट अडकून बसते.

दिसायला सारख्या रायफली किती फसवतात याची उदाहरणे पाहा. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने १९०३ साली अशी रायफल काढली. त्या वेळच्या काळ्या दारूने यंत्र कचऱ्याने भरेल म्हणून तिच्यासाठी वेगळेच काडतूस बनवले. १९३३ साली तिच्याच तोंडवळ्याची 'मॉडेल ६३' आली, ती मात्र लाँग रायफलची. दोघी टू-टू, पण एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

जॉन ब्राउनिंग यांच्या एकाच आराखड्यावरून बेल्जियममध्ये १९१४ पासून एक रायफल निघाली आणि अमेरिकेत रेमिंग्टनची 'मॉडेल २४' १९२२ साली आली. १९३५ साली रेमिंग्टनने ती आकाराने वाढवून 'मॉडेल २४१' केली. घराणे एक, पण भाग सरसकट बदलता येत नाहीत.

मार्लिन कंपनीची 'मॉडेल ६०' १९६० पासून दशकानुदशके एकाच नावाने विकली गेली. पण १९८० च्या दशकात शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागेच थांबण्याची सोय आली आणि मॅगझिनची नळी आखूड झाली. म्हणजे मॉडेलचे नाव जुळले तरी साल विचारावेच लागते. त्यातून तीच रायफल 'ग्लेनफिल्ड' या नावानेही विकली गेली. नाव वेगळे, आत तीच.

आपल्याकडे अडचण आणखी मोठी. १९८० च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली, त्यामुळे या परदेशी रायफलींचे अस्सल भाग सहज मिळत नाहीत. मग कानस घेऊन घरीच घासाघीस करण्याचा मोह होतो. इथे कायदा आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राबरोबर शस्त्राचे भागही येतात आणि दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. गावातला फिटर कितीही हुशार असो, हे काम त्याचे नव्हे.

मग करायचे काय? रायफल रिकामी असल्याची खात्री परवानाधारकाने करावी. नळीवरचे काडतुसाचे नाव, कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक टिपून ठेवावेत. मग परवाना घेऊनच परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. त्याने 'हिचा भाग मिळणार नाही' असे सांगितले तर ते ऐकावे.

आणि परवानाधारक वारले असतील तर पार्टचा विषयच नंतरचा. शस्त्र आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा. रायगडकरांसाठी ते काम अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेल्या बंदुकाही यात मोजल्या जातात.

आजोबांची आठवण जपावी, यात वाद नाही. पण बंद पडलेली रायफल बंद राहिली तर कोणाचे नुकसान होत नाही. परका भाग घालून चालू केलेली रायफल मात्र चालवणाऱ्याचा डोळा घेऊ शकते.