केबल महाग, म्हणून आवाज गोड?

नव्या घराची वास्तुशांत झाली की हॉलमध्ये आधी टीव्ही लागतो आणि मग त्याच्या दोन्ही अंगांना स्पीकर उभे राहतात. मेहरूणला तलावाच्या बाजूने वाढलेल्या वसाहतींत हे आता सर्रास दिसतं. स्पीकर पसंत होतात, अ‍ॅम्प्लिफायर पसंत होतो आणि पैसे देण्याच्या वेळी काउंटरवरून प्रश्न येतो, "साहेब, वायर साधी देऊ की चांगली?" एवढी मोठी खरेदी केलेला माणूस "साधी द्या" असं म्हणणार तरी कसं? तो "चांगली" म्हणतो. ही चांगली वायर साध्या वायरीच्या दहापट महाग असू शकते, आणि मोठ्या शहरांतल्या खास दुकानांत हजारपटही.

रक्तदाब तपासायला येणाऱ्या मंडळींपैकी काहींनी मलाही हे विचारलं आहे. प्रश्न विजेचा असल्यामुळे तो डॉक्टरकडे कशाला, असं वाटेल. पण "या महागड्या केबलने आवाज खुलला" हे वाक्य आणि "या महागड्या गोळीने गुण आला" हे वाक्य सख्खी भावंडं आहेत. दोन्हींची परीक्षा एकाच पद्धतीने करावी लागते.

आधी वायरीचं काम पाहू. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला वीजप्रवाह फारसा न अडवता स्पीकरपर्यंत नेणं एवढंच ते काम. वायर थोडा तरी अडथळा करतेच, आणि तो ओहममध्ये मोजतात. घरच्या बहुतेक स्पीकरच्या पाठीवर 8 ओहम, 6 ओहम किंवा 4 ओहम असा आकडा छापलेला असतो. वायरीचा अडथळा या आकड्याच्या मानाने नगण्य असला की झालं. रूढ हिशेब असा, की जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा मिळून वायरीचा अडथळा स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 0.4 ओहमपर्यंत चालतं.

आता उदाहरण घ्या. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर 5 मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. दुकानात जिला "दीड एमएम" म्हणतात, म्हणजे जिच्या तारेचा छेद दीड चौरस मिलिमीटर आहे, त्या वायरीचा अडथळा मीटरला साधारण 0.012 ओहम असतो. दहा मीटरला 0.12 ओहम. यामुळे स्पीकरच्या आवाजात पडणारी घट आहे सुमारे 0.13 डेसिबल. एरवी ऐकताना माणसाला एक डेसिबलच्या आसपासचा फरक जेमतेम कळतो. कसून, शांत खोलीत ऐकलं तर त्याहून थोडा कमीही कळेल, पण 0.13 हा आकडा त्याच्याही खाली राहतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 20 अंशांच्या मानाने साधारण दहा टक्के. तेव्हा 0.12 चे 0.13 होतील. उन्हाळ्यात गाणं बेसूर वाटलं तर दोष वायरीला देऊ नये, कूलरची घरघर ऐकावी.

मग महागड्या केबलमध्ये असतं काय? कुणी चांदी वापरतं. चांदीचा अडथळा तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो, आणि तेवढं साधायचं तर तांब्याची तार थोडी जाड घेतली की पुरतं. जळगावकरांना सोन्याचांदीचं मोल सांगायला नको, पण ते वायरीत घालून फार काही हाती लागत नाही. कुणी "ऑक्सिजनविरहित तांबं" म्हणतं. तारेसाठी वापरलं जाणारं चांगलं साधं तांबंही जवळजवळ तितकंच वीजवाहक असतं, फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा. काही केबलींवर बाण छापलेला असतो, की याच दिशेने लावा. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला वीस वेळांपासून हजारो वेळांपर्यंत उलटसुलट धावत असतो, तेव्हा तो बाण कुणासाठी आहे हे मला उमगलेलं नाही. डाव्या-उजव्या वायरी मिलिमीटरपर्यंत सारख्या हव्यात, असंही सांगितलं जातं. वायरीत मीटरभराचा फरक पडला तर विजेला काही अब्जांश सेकंद उशीर होतो. तुम्ही खुर्चीत एक सेंटिमीटर सरकलात तर आवाजाला कानापर्यंत यायला याच्या हजारोपट जास्त फरक पडतो.

तरीही ऐकणारी माणसं शपथेवर सांगतात, की नवी केबल लावल्यावर तबल्याची चाट स्वच्छ आली, बासरीतला श्वास ऐकू आला. ती खोटं बोलत नाहीत. ऐकणं कानात सुरू होतं आणि मेंदूत पुरं होतं, आणि मेंदू एकटा कानाचं ऐकत नाही. डोळ्यांनी पाहिलेली जाडजूड, जाळीदार वेष्टणाची केबल, मोजलेले पैसे, विक्रेत्याचा भरवसा, हे सगळं त्या निवाड्यात साक्ष देतं. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट फार जुनी ठाऊक आहे. 1784 मध्ये पॅरिसमध्ये मेस्मरच्या "प्राणिज चुंबकत्वा"ची चौकशी करायला राजाने समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांचे डोळे बांधले. चुंबकत्व दिलं जातंय असं नुसतं सांगितलं तरी रुग्णांना झटके येत. गुपचूप दिलं तर काहीच होत नसे. आजही बहुतेक नवी औषधं याच चाळणीतून जातात. खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही.

केबलींची अशी परीक्षा झाली आहे आणि ती करणारा माणूस डॉक्टरच होता. लॉरेन्स ग्रीनहिल हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ, आणि छंद म्हणून ध्वनियंत्रणांची परीक्षणं लिहिणारे. 1983 मध्ये "स्टिरिओ रिव्ह्यू" मासिकासाठी त्यांनी जाड महागडी केबल, टेबल-लॅम्पला लावतात तशी 16 गेजची साधी वायर आणि 24 गेजची अगदी बारीक वायर, अशा तिन्ही श्रोत्यांना ऐकवल्या. कोणती चालू आहे हे श्रोत्यांना कळत नव्हतं. धो धो पावसासारखा सलग खर्जाळ आवाज ऐकवला, तेव्हा बारीक वायर ओळखू आली. अडथळा जास्त, म्हणून आवाज दबलेला, यात नवल नाही. पण संगीत लावल्यावर लॅम्पची साधी वायर आणि महागडी केबल यांतला फरक खात्रीने सांगता आला नाही. म्हणजे वायर फार बारीक असली तर फरक पडतो, पुरेशी जाड झाली की पुढचे पैसे कानापर्यंत पोचत नाहीत.

पुढे 2007 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने जाहीर केलं, की 7,250 डॉलरची केबल आणि बाजारातली नेहमीची केबल डोळे झाकून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या. ती परीक्षा झालीच नाही. केबल बनवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतलं.

मला यापेक्षा जास्त खुपतं ते 2008 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेलं एक छोटं संशोधन. 82 निरोगी स्वयंसेवकांना मनगटाला विजेचे हलके धक्के दिले आणि "नवं वेदनाशामक" म्हणून गोळी दिली. गोळीत औषध नव्हतंच. निम्म्यांना सांगितलं, की एका गोळीची किंमत अडीच डॉलर. उरलेल्यांना सांगितलं, की तिची किंमत उतरवून दहा सेंट केली आहे. अडीच डॉलरवाल्यांपैकी 85 टक्के लोकांना कमी दुखलं, दहा सेंटवाल्यांपैकी 61 टक्क्यांना. गोळी एकच, तीही खोटी, आणि फरक किमतीच्या चिठ्ठीचा.

सरकारी दवाखान्यात हे रोज समोर येतं. खिडकीतून फुकट मिळालेली रक्तदाबाची गोळी रुग्ण घरी नेऊन डब्यात टाकतो आणि सांगतो, "डॉक्टरसाहेब, सरकारी गोळी लागू पडत नाही." मग बाहेरून चमकदार पाकिटातली घेतो. दोन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचलं तर घटक एकच, अ‍ॅम्लोडिपिन, आणि मिलिग्रॅमही तेवढेच. डोकेदुखी "वाटण्या"वर कमीजास्त होते, पण रक्तदाब यंत्रावर मोजता येतो, म्हणून अशा रुग्णाला मी म्हणतो, पंधरा दिवस इथली गोळी नेमाने घ्या, आकडा आपण दोघं मिळून पाहू. केबलच्या फसगतीत पैसेच जातात. इथे पैसे संपले की महिनाअखेरीला गोळी बंद होते, आणि पुढे कधीतरी अर्धांगाचा झटका येतो.

कानांबद्दल मात्र केबलवाला काही बोलत नाही. तो सांगतो, की वरचे सूर स्वच्छ येतील. विशीत माणूस जवळपास 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांची मजल बारा-चौदा हजारांच्या आसपास थांबते. आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या कॉक्लिआत, प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केशपेशी जन्मतः मिळतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि वरच्या सुरांच्या पेशी आधी मरतात. मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपास दिसू लागते. स, श, फ, थ ही व्यंजनं ज्या भागात ऐकू येतात, तो हा भाग. म्हणून अशी माणसं "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार करतात. घरातल्यांना वाटतं, लक्ष नाही.

गणेश विसर्जनाच्या रात्री मेहरूण तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीत बॉक्सच्या भिंतीपुढे दोन-तीन तास नाचलेल्या पोराच्या कानात दुसऱ्या दिवशी "कुईं" वाजतं. ते बहुतेक वेळा थांबतंही, आणि पोराला वाटतं, झालं बरं. सुरक्षित वेळेचं गणित असं : 85 डेसिबलला दिवसाला आठ तास, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मी. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, हे भिंतीपुढे उभं राहून आठवलं तर हसू येतं. घरच्या स्पीकरलाही हेच गणित लागू आहे. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे, त्याला मीटर लागत नाही. टीव्हीचा आवाज दरवर्षी वाढवावा लागत असेल तर केबलच्या आधी कान तपासून घ्यावेत. ऑडिओमेट्री दुखत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या शौकिनांनी तर वरच्या सुरांसाठी खर्च करूच नये. बालगंधर्वांच्या 1925 पूर्वीच्या तबकड्या विजेशिवाय, नुसत्या भोंग्यात गाऊन मुद्रित झालेल्या आहेत. त्यांत साधारण तीन हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उमटलेलंच नाही. जे मुद्रितच झालं नाही ते चांदीची तार कुठून आणणार?

तर घ्यायचं काय? पाच-सात मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक जोडवायर भरपूर झाली. अंतर त्याहून जास्त असेल किंवा स्पीकर 4 ओहमचा असेल तर अडीचची घ्या. तांबंच आहे ना, हे पाहा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर खूप आहे. ती हाताला हलकी लागते, ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते, आणि तिचा अडथळा दीडपट असतो. टोकं स्वच्छ सोलून घट्ट पिळा आणि एकही तंतू शेजारच्या टर्मिनलला शिवू देऊ नका, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळतो. खरखर किंवा मधेच बंद पडणं हे बहुतेक वेळा सैल किंवा हिरवट गंजलेल्या जोडाचं काम असतं, कधी उंदराचं. स्पीकरच्या वायरीला घरच्या सॉकेटची टू-पिन कधीही लावू नका. एखादं लेकरू ती भिंतीत खुपसेल. उरलेल्या बारीक वायरीवर कूलर चालवायचा मोह तर अजिबात नको. ती तापते, वितळते, आणि ओल्या पत्र्याच्या कूलरजवळ उघडी पडलेली तार म्हणजे मृत्यूच.

पैसे उरले तर हॉलकडे बघा. गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असल्या की आवाज घुमतो. जाड पडदे, एक सतरंजी आणि समोरच्या भिंतीशी कापसाची गादी टाकून पाहा. आवाजातला हा बदल ऐकायला तज्ज्ञ लागत नाही.

एवढं सांगूनही महाग केबलचा मोह सुटत नसेल तर ती दोन दिवसांसाठी मागून आणा. तुम्ही स्पीकरकडे तोंड करून बसा. दुसऱ्या खोलीतून मुलाला येऊ द्या. अ‍ॅम्प्लिफायर आधी बंद करून, नाणं उडवून तो साधी किंवा महाग केबल जोडेल, वहीत लिहील आणि एक शब्दही न बोलता बाहेर जाईल. आवाजाचं बटण हलवायचं नाही, गाणं तेच. असं दहा वेळा. पाच-सहा वेळा बरोबर ओळखलंत तर नाण्यालाही तेवढं जमतं. नऊ किंवा दहा वेळा बरोबर यायची योगायोगाने शक्यता शंभरात एक. तसं झालं तर केबल खुशाल ठेवून घ्या, आणि मलाही एकदा ऐकायला बोलवा.