मनाईच्या अर्जाआधी

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिलांच्या टेबलाशी बसून मी एक कॅव्हेट तयार होताना पाहिलं. पक्षकार विधवा बाई, वाद दिरांशी शेताच्या वाटणीचा. दीर दावा लावतील आणि आपल्याला पत्ता लागायच्या आत मनाई हुकूम घेऊन येतील, ही बाईंची धास्ती. ती अनाठायी नाही. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो, आपल्याकडे बहुधा निशाणी ५ ला. निकड पटली तर न्यायाधीश दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीच त्यावर हुकूम देऊ शकतात. या एकतर्फी हुकमावरचा उपाय म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८-अ आलं. आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये, असं त्याखाली आधीच कळवून ठेवणारा अर्ज म्हणजे कॅव्हेट.

अर्ज लहानसाच, पण वकिलांचा सगळा जीव नावांत होता. थोरल्या दिरांचं नाव सातबाऱ्यावर एक, आधार कार्डावर दुसरं. "दोन्ही घाला, मध्ये ऊर्फ लिहा," त्यांनी टंकलेखकाला सांगितलं. पुतण्याचंही नाव घालायला लावलं, कारण दावा तोही लावू शकतो. गट नंबर दोनदा ताडून पाहिला. नवा दावा आला की कॅव्हेटची नोंद शोधतात ती नावावरूनच.

मग नोटीस. दावा लावतील असं ज्यांच्याबद्दल वाटतं, त्यांना ती पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवावी, असं कलम सांगतं.

"म्हणजे त्यांना आधीच सांगायचं?" बाई चपापल्या.

"हो ताई, सांगावंच लागतं."

मला हे फार रास्त वाटतं. स्वतःला न ऐकता निकाल नको म्हणणाऱ्याने समोरच्यालाही अंधारात ठेवू नये.

'कॅव्हेट टाकलं, आता जमिनीला धक्का नाही,' असं गावोगाव ऐकू येतं. ते खरं नाही, आणि या समजुतीवर विसंबून माणसं गाफील राहतात. कॅव्हेटने दावा अडत नाही, खरेदीखत थांबत नाही. मनाईचा अर्ज आला की बाईंना सूचना मिळेल, अर्जाची आणि कागदपत्रांची नक्कल त्यांच्या खर्चाने मिळेल आणि बाजू मांडता येईल, एवढंच. ऐकून घेतल्यावर हुकूम त्यांच्याविरुद्धही जाऊ शकतो.

शिवाय कॅव्हेटचं आयुष्य ९० दिवसांचं. मुदत सरत आल्याचं न्यायालयाने कळवावं, अशी तरतूद कलमात नाही. ती असायला हवी होती. वकिलांनी मुदतीच्या आठवडाभर आधीची तारीख डायरीत टिपली आणि बाईंना बजावलं, तोवर दावा आला नाही तर नवं कॅव्हेट, नवी नोटीस.