गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

अमेरिकेत वीस-बावीस वर्षे राबलेला, मागच्या हौद्याला गंज चढलेला आणि मीटरवर दीड-दोन लक्ष मैलांची नोंद झालेला एखादा शेव्हरोले सिल्व्हराडो स्वस्तात पदरात पाडून घेणाऱ्या मनुष्याला खरी धास्ती असते ती इंजिनाची नव्हे, तर स्वयंचलित गिअरबॉक्सची; कारण तो खोलून पुन्हा बांधून घेण्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्याच घरात जाऊन पोहोचतो. साहजिकच गाडीने जरासा धक्का दिला की ‘गिअरबॉक्स गेला’ असा एकतर्फी निकाल लागतो आणि तिची रवानगी कारखान्यात होते. वास्तविक दोष पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर, एखाद्या तारेत, तेलाच्या पातळीत किंवा इंजिनाच्या प्लगमध्ये दडलेला असतो. तेव्हा तपास बाहेरून आत आणि अल्पखर्चाकडून बहुखर्चाकडे जावा, हाच या विषयातला सर्वांत शहाणपणाचा दंडक होय.

आपल्याकडे पिकअप म्हटले म्हणजे हाताने गिअर टाकण्याची गाडी डोळ्यांपुढे येते, म्हणून या यंत्राची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. येथे क्लचचे पेडल नाही. इंजिनाची गती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. ग्रहमालेसारखी रचलेली दंतचक्रे निरनिराळ्या वेगांची सोय करतात. त्यांपैकी कोणते चक्र जखडायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, हे क्लचच्या चकत्यांवर पडणाऱ्या तेलाच्या दाबाने ठरते. आणि तो दाब कोठे वळवायचा याचा हुकूम गाडीतला संगणक सोलेनॉइड या विजेवर चालणाऱ्या झडपांमार्फत सोडतो. १९८२ साली आलेल्या ‘७००-आर४’ या गिअरबॉक्सला जनरल मोटर्सने १९९३च्या सुमारास विजेच्या नियंत्रणाची जोड दिली आणि तो ‘४एल६०-ई’ या नावाने लक्षावधी गाड्यांत बसला. वर उल्लेखिलेल्या सिल्व्हराडोच्या पोटात बहुधा तोच असतो.

शक्ती वाहणे, दाब देणे, वंगण पुरवणे आणि उष्णता वाहून नेणे ही चारही कामे एकटे तेल करीत असल्यामुळे पहिली साक्ष तेलाचीच घ्यावी. गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम झाल्यावर आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहावी. गिअर पार्कमध्ये असावा, मात्र जुन्या डॉज रॅममध्ये तो न्यूट्रलला ठेवावा लागतो, कारण तेथे पार्कमध्ये असताना कन्व्हर्टरला तेल पोहोचत नाही. निरोगी तेल लाल असते. ते तपकिरी होऊन जळकट वासाचे झाले तर क्लचच्या चकत्या जळू लागल्या असे समजावे. दुधाळ गुलाबी झाले तर रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे. (२००५ ते २०१० च्या निस्सान फ्रंटियर गाड्या या एका दोषापायी बदनाम झाल्या.) शीतक द्रवामुळे चकत्यांवरचे अस्तर सुटू लागते, म्हणून अशा गाडीपासून दूर राहिलेलेच बरे. याउलट वीस वर्षांच्या गाडीत कुंकवासारखे लालभडक, कोरे तेल आढळले तर हुरळून न जाता विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे. नवे तेल घातल्यामुळेच जुना गिअरबॉक्स बसला, ही लोकसमजूत मला फारशी पटत नाही. बहुतेक लोक गिअर घसरू लागल्यावरच तेल बदलतात आणि आधीच्या दुखण्याचे खापर नव्या तेलावर फोडतात.

यानंतर संगणकाची कैफियत ऐकावी. १९९६ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडण्याची सोय सक्तीची आहे. ‘पी०७००’ हा संकेत म्हणजे गिअरबॉक्सची काही तक्रार नोंदली गेली आहे, एवढीच वर्दी. मूळ तक्रार वाचण्यासाठी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. ‘पी१८७०’ म्हणजे घसरण, आणि ४एल६०-ईमध्ये तिचे नेहमीचे कारण असे की व्हॉल्व्ह बॉडीच्या अॅल्युमिनियममधले एक भोक झिजून दाब गळू लागतो. गाडी जागेवरून अगदी जड उठत असेल आणि गिअर बदलतच नसेल, तर गिअर बदलणाऱ्या दोन्ही सोलेनॉइडचा वीजपुरवठा बंद पडला असण्याचा संभव मोठा. कारण वीज नसली की हा गिअरबॉक्स आपोआप तिसऱ्या गिअरमध्ये राहतो. अशा वेळी फ्यूज, कनेक्टर आणि बॅटरीचे अर्थिंग पाहिल्यावाचून कशालाही हात लावू नये.

खरी परीक्षा रस्त्यावर. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगात, किंचित चढावर, रंबलर पट्ट्यांवरून जावे तशी गाडी थरथरू लागली, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. वेगात असताना कन्व्हर्टरला घट्ट जखडणारा लॉक त्याच क्षणी सुटतो; थरथर थांबली तर दोष तेथला, चालूच राहिली तर प्लग, कॉइल किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासावा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळेच ओरडले आणि तिसरा व चौथा दोन्ही मिळेनासे झाले, तर त्या दोहोंच्या सामाईक क्लचच्या चकत्या जळाल्या. पहिला आणि तिसरा शाबूत, परंतु दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम नाहीसे झाले, तर आतले पत्र्याचे एक कवच, ज्याला मेकॅनिक सन शेल म्हणतात, ते तुटले यात फारशी शंका उरत नाही. तेथे तेल, सेन्सर, बाटलीतली औषधे सारे व्यर्थ, गिअरबॉक्स उतरवणेच प्राप्त.

४एल६०-ईच्या आधीच्या गाड्यांचा प्रकार थोडा निराळा: ७००-आर४मध्ये थ्रॉटलला जोडलेली केबल चुकीची ताणली तर चांगला गिअरबॉक्सही जळतो, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या गिअरबॉक्समध्ये रबराची एक चिरलेली नळी गिअर उशिरा व धक्क्याने पाडते.

सौदा करण्यापूर्वी गाडी थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा, कारण कडक झालेली सील सकाळी गिअर टाकल्यावर दोन-तीन क्षण उशीर करून आपला दोष उघड करतात. विक्रेत्याने ती आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे आणि तोवर इसाऱ्याची रक्कम देऊ नये.