चित्रकथा: वाचायच्या आणि तपासायच्या

दप्तरात चित्रकथेचे पुस्तक सापडले तर ते काढून घ्यायचे, हा आपल्या अनेक शाळांतील अलिखित नियम आहे. त्यामागे एक समजूत असते. चित्रे पाहणे सोपे, शब्द वाचणे अवघड. आणि सोप्याची सवय लागली की मूल अवघडाकडे वळत नाही. गंमत अशी की त्याच शाळेतील विज्ञानाचा तास चित्रांवाचून चालत नाही. हृदयाचा छेद, विद्युत मंडल, अणूची रचना, पृथ्वीची कक्षा ही चित्रे आपण फळ्यावर काढतो, मुलांकडून काढून घेतो आणि त्यांना गुणही देतो. पण चित्र वाचायचे कसे, हे कोणत्या तासाला शिकवतो?

न शिकवल्याचा परिणाम एका प्रश्नाने कळतो. उन्हाळा का होतो, असे विचारले की ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ हे उत्तर हमखास येते. पुस्तकातील आकृतीत कक्षा चांगली लांबट अंड्यासारखी दिसते. तिरकस कोनातून दाखवल्यामुळे ती तशी काढावी लागते, पण हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडील थंडीत. तेव्हाचे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर आणि जुलैमधील सर्वांत जास्त अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. कागदावर दहा सेंटिमीटर रुंदीची कक्षा खऱ्या प्रमाणात काढली, तर तिची लांबी-रुंदी यांतील फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी भरतो. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे. तरीही एका चित्राने मनात रुजवलेली चूक दहा वाक्यांनी निघत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की चित्र वाचायला आणि तपासायला शिकण्यासाठी चित्रकथा हे उत्तम साधन आहे. प्रत्येकाने वाचाव्यात अशा काही चित्रकथा येथे सुचवत आहोत. वर्गातील उदाहरणे आम्ही कोपरगावची घेतली आहेत. वाचकांनी त्या जागी आपापल्या गावची घालावीत.

दोन चौकटींमधली जागा

पहिल्या चौकटीत एक मुलगा विहिरीच्या काठावर उभा आहे आणि त्याच्या हातात दगड आहे. दुसऱ्या चौकटीत फक्त पाणी, त्यावर गोल तरंग आणि ‘डुबुक’ हा शब्द. दगड पडताना चित्रकाराने दाखवलेलाच नाही. तो पाडला वाचकाने, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत. या पट्टीला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराने १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे पुस्तक चित्रकथेच्याच रूपात लिहिले आणि चित्रकथेतील बरेच काही या कोऱ्या जागेत घडते, हे त्यात दाखवून दिले.

संशोधकाचे कामही याच जातीचे आहे. सकाळी सहाची नोंद आहे, संध्याकाळी सहाची आहे. मधल्या बारा तासांत काय झाले ते अनुमानाने ठरवायचे. मात्र अनुमान चुकू शकते. विहिरीत दगड दुसऱ्याच कोणी टाकला असेल. कदाचित तो दगड नसून बेडूक असेल. चित्रकथा वाचणारे मूल कोरी जागा आपोआप भरते. ‘हे तू कशावरून ठरवलेस?’ हा प्रश्न मात्र शिक्षकाने विचारावा लागतो.

आपल्याकडची वाट

चित्रांच्या क्रमाने गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील कथांची सुटी चित्रे एकामागून एक दाखवत, गात गोष्ट सांगत आले आहेत. चित्रांच्या अशा गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. अशाच चित्रांची एक शैली पैठणच्या नावाने ओळखली जाते, आणि पैठण हे कोपरगावकरांच्या गोदावरीच्याच खालच्या अंगाला. चित्रकथीच्या खेळात दोन चित्रांमधली जागा तो स्वतः आवाजाने भरतो. छापील चित्रकथेत सांगणारा नसतो, म्हणून ते काम वाचकाकडे येते.

छापील चित्रकथा मराठी घरांत मोठ्या प्रमाणावर आली ती टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. १९६४ साली सुरू झालेली ही माला १९९० पर्यंत चालली. ली फॉकचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. ही माला आज चाळली तर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: जंगल तिथल्या लोकांचे, मग त्यांचे रक्षण करणारा बाहेरून आलेला मुखवटाधारी गोरा माणूसच का? याच मालेत १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. दोघांची तुलना हा नववी-दहावीसाठी चांगला स्वाध्याय होईल.

वाचाव्यात अशा काही

पहिले नाव ‘अमर चित्रकथे’चे. १९६७ साली अनंत पै यांनी ही माला सुरू केली. त्यांचे स्वतःचे शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचे होते. या मालेतील ‘कच-देवयानी’ कोपरगावच्या मुलांना जवळची वाटेल. गोदाकाठच्या कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि कचाने संजीवनी विद्या मिळवली ती येथेच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गावातील एका शिक्षणसंस्थेच्या नावातही ‘संजीवनी’ आहे.

येथे चित्राचा एक गुण ध्यानात येतो. शब्दाला मोघम राहता येते, चित्राला येत नाही. ‘शुक्राचार्य आश्रमात बसले होते’ एवढे लिहून लेखक सुटतो. चित्रकाराला मात्र त्यांचा वर्ण, दाढी, वस्त्र, आश्रमाचे खांब हे सारे ठरवावेच लागते, मग त्याला आधार असो वा नसो. आणि एकदा काढले की तेच खरे वाटू लागते. देव उजळ आणि असुर काळे व अक्राळविक्राळ का, हा या मालेवर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मुलांपुढे जरूर ठेवावा. अमर चित्रकथा वाचावी, आणि त्यातील कोणती गोष्ट ग्रंथातून आली व कोणती कुंचल्यातून, हे शोधावे.

दुसरे नाव ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रपट्टी २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली. मोजक्या चौकटींत सगळी गोष्ट. शेवटची चौकट झाकून ‘पुढे काय?’ विचारावे आणि मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. अंदाज बांधणे आणि नंतर तो प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, हे प्रयोगशाळेतील शिस्तीचे पहिले पाऊल आहे.

तिसरे, बेल्जियन चित्रकार एर्जे यांच्या टिनटिनच्या चांद्रसफरीची दोन पुस्तके. ती १९५३ आणि १९५४ साली आली. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. यानाचे इंजीन चालू असेपर्यंत प्रवाशांना वजन जाणवते. ते चुकून बंद पडताच कॅप्टन हॅडॉकच्या पेल्यातील दारू गोळा होऊन तरंगू लागते. हे भौतिकी अगदी बिनचूक आहे. पण पुढे कॅप्टन यानाबाहेर पडतो आणि अ‍ॅडोनिस या लघुग्रहाचा उपग्रह बनून त्याभोवती फिरू लागतो. हे शक्य आहे का? अकरावीच्या विद्यार्थ्यांना गणित घालावे. अ‍ॅडोनिसचा व्यास सुमारे अर्धा किलोमीटर आणि घनता पाण्याच्या अडीचपट धरली, तर पृष्ठभागाजवळचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर निघतो. आपण रमतगमत चालतो तेही याहून वेगाने. मग सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यानातून बाहेर आलेला कॅप्टन तेथे अडकेल कसा? याच पुस्तकात चंद्रावरील गुहेत बर्फ सापडतो. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणामुळे चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. तेव्हा ‘टिनटिनने आधीच सांगितले होते’ असे म्हणावे का? खरा ठरलेला तर्क आणि पुराव्याने सिद्ध केलेले विधान यांतील भेद समजावण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

चौथे, ‘भीमायन’ (२०११). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः नोंदवून ठेवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरील हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रंगवले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला लहान भीम भावंडांसह मसूर स्थानकावर उतरतो; जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडण्याचे नाकारले आहे. पाने गोंड नक्षीच्या वळणांनी विभागलेली आहेत, आगगाडी सापासारखी आणि किल्ला हिंस्र पशूसारखा आहे. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. पाण्याच्या धड्याबरोबर हे पुस्तक वर्गात ठेवावे. पाण्याचे रेणुसूत्र सर्वांसाठी सारखे असते. पाणवठा तसा नव्हता. महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही चित्रकथाही २०११ सालचीच आहे.

पाचवे, जपानच्या केजी नाकाझावा यांचे ‘बेअरफूट गेन’. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे नाकाझावा स्फोटकेंद्रापासून सुमारे सव्वा किलोमीटरवर, शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीआड होते. त्या भिंतीमुळे ते वाचले; वडील, एक बहीण आणि धाकटा भाऊ गेले. प्रकाश आणि उष्णतेचे प्रारण सरळ रेषेत जाते आणि अपारदर्शक वस्तूमागे सावली पडते, हे आपण मेणबत्ती व पुठ्ठा घेऊन शिकवतो. त्याच नियमाचा एक अर्थ या पुस्तकात आहे. १९७३ पासून साप्ताहिकात येऊ लागलेली ही कथा नववीच्या पुढच्या मुलांनी, शिक्षकांबरोबर वाचावी. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’बद्दलही तेच. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या वडिलांची ही कहाणी ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर दाखवून सांगितलेली आहे. तिला १९९२ साली विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सहावे, ‘लॉजिकॉमिक्स’ (२००९). तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी गणिताचा पाया शोधण्यासाठी केलेल्या धडपडीची ही गोष्ट आहे. रसेल यांची काही गणितज्ञांशी झालेली भेट आपण कल्पनेने रचली आहे, हे लेखकांनी उघड सांगितले आहे. हा प्रामाणिकपणा मुलांना मुद्दाम दाखवावा.

यांतील काही पुस्तके इंग्रजीत आहेत. ती पूर्ण वाचून घेण्याचा आग्रह नको. शिक्षकाने दोन पाने निवडावीत, चित्रे दाखवावीत आणि संवाद मराठीत सांगावेत.

वर्गात काय करता येईल

वाचनानंतर काढण्याकडे वळावे. ‘ऊस ते साखर’ ही गोष्ट फक्त सहा चौकटींत काढा, असे सांगावे. कोपरगाव तालुक्यातील मुलांना साखर कारखाना पाहून माहीत असतो. वजनकाटा, गाळप, रसाला चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन तो निवळणे, कमी दाबाखाली आटवणे, साखरेचे दाणे धरणे, फिरत्या चाळणीने मळी वेगळी करणे, पोती भरणे: टप्पे सहापेक्षा जास्तच आहेत. म्हणजे काहीतरी गाळावे लागणार. काय गाळले आणि का, हे मुलाने लिहून द्यावे. चुन्याची चौकट गाळली असेल तर विचारावे, रस आम्लधर्मी राहिला तर काय होईल? (सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि तेवढी साखर हाती लागत नाही.) बंद भांड्यात कमी दाबाखाली का आटवतात? (कमी तापमानाला उकळते, म्हणून साखर करपत नाही.) कोरी जागा विज्ञानाने भरायची ती अशी.

मग सर्व चित्रे भिंतीवर लावून शेवटचा प्रश्न विचारावा: पहिली चौकट कुठून सुरू झाली? बहुतेकांची गोष्ट कारखान्याच्या दारातील उसाच्या गाडीपासून सुरू होईल. त्याआधी फडात कोयता चालवणारे मजूर असतात. हंगामात बीडसारख्या दुष्काळी भागातून ही कुटुंबे मुलाबाळांसह येतात. त्या मुलांच्या शिक्षणासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, कारण गावची शाळा मधेच सुटते. एखाद्या वर्गात असे मूल बसलेले असेल, तर सातवी चौकट काढण्याचे काम त्याला सुचवून पाहावे. त्याने ती काढलीच पाहिजे असे नाही. पण आपल्या चित्रात कोण राहून गेले, हे इतर चाळीस जणांना त्या दिवशी कळेल.

शाळेच्या वाचनालयात एक फळी चित्रकथांसाठी ठेवावी. शेजारी एक वही टांगावी. पुस्तक वाचून झाल्यावर प्रत्येकाने तीत दोन ओळी लिहाव्यात: दोन चौकटींमधले मी काय भरले, आणि कशावरून.