रुग्णाच्या आधी त्याचा ईसीजी पोहोचावा

समजा, सुप्याजवळच्या एका वस्तीवर पहाटे पाच वाजता पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या छातीत दुखू लागले, दरदरून घाम फुटला. घरच्यांनी त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात आणले. ईसीजी निघाला, पण हृदयरोगतज्ज्ञ आहे पुण्यात. पूर्वी अशा वेळी रुग्ण आणि ईसीजीचा कागद एकाच गाडीने निघत. आता ईसीजी रुग्णाच्या आधी पोहोचू शकतो.

कल्पना तशी जुनी. नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हन यांचे ईसीजी यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णाजवळ नेणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून हृदयाचे विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणले. आज तेच काम मोबाइल नेटवर्क करते. राज्याच्या ‘स्टेमी’ प्रकल्पातही सरकारी रुग्णालयांतले ईसीजी दूरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात.

अशा सोयीमागे जे तंत्र उपयोगी पडते, ते ‘डेटा स्ट्रीमिंग’. दवाखान्याच्या रजिस्टरची महिनाअखेरीस बेरीज होते. ती माहिती तळ्यातल्या पाण्यासारखी साठवलेली. वर्षाचा आढावा घ्यायला ती पुरते, हृदयविकाराच्या झटक्याला नाही. तिथे माहिती वाहती हवी. यासाठी जगभर वापरली जाणारी ‘काफ्का’ ही प्रणाली ‘लिंक्डइन’मध्ये तयार झाली आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात प्रत्येक नोंद आली त्या क्रमाने एका अखंड वहीत लिहिली जाते आणि ज्याला गरज असेल तो ती लगेच वाचतो. जनाई-शिरसाईच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या आमच्या जिरायती भागाला एक फरक चटकन कळेल: पाटाचे पाणी वरच्याने घेतले की खालच्याला कमी पडते, इथे मात्र तज्ज्ञ, रुग्णवाहिका आणि मोठे रुग्णालय एकच नोंद एकाच वेळी वाचतात, कोणाचेच कमी होत नाही.

पण नुसता वेग पुरत नाही. रेंज गेली तर यंत्राने नोंद जपून ठेवून पुन्हा पाठवली पाहिजे. ५.०५ ला काढलेला ईसीजी ५.२५ ला पोहोचला, तर तो ५.०५ चाच म्हणून वाचला पाहिजे. नाहीतर मधल्या वीस मिनिटांत काय बदलले, हे कळणार नाही. एकच निरोप दोनदा गेला, तर एका रुग्णासाठी दोन गाड्या निघतील आणि दुसरा रुग्ण ताटकळेल. रुग्ण कुशीवर वळला म्हणून दर वेळी धोक्याची घंटा वाजू लागली, तर खऱ्या घंटेकडेही कोणी पाहणार नाही.

एवढी काळजी कशासाठी? रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण ३० मिनिटांत द्यावे, असा वैद्यकीय दंडक आहे. पुण्याहून तज्ज्ञाचा होकार लगेच मिळाला, तर योग्य रुग्णाला ते तालुक्याच्या रुग्णालयातही देता येते. रस्ता तेवढाच राहतो. वाया जाणारा वेळ वाचतो.

या साखळीची पहिली कडी मात्र कुठल्याही संगणकात नाही, ती घरात आहे. ‘ॲसिडिटी असेल, उजाडल्यावर बघू’ म्हणत सोडा पिऊन पडून राहिलेल्या माणसाचा ईसीजी निघतच नाही, मग पाठवायचे काय? छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे यांपैकी काहीही जाणवले तर थांबू नका. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. तो फोन लावला, की पुढची नोंद सुरू होते.