सायकल, ट्रॉली आणि कायदा

शिरोळ तालुका उसाचा. हंगाम लागला की कुरुंदवाडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. बाहेर लोंबणाऱ्या उसामुळे सायकलवाल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावं लागतं. ट्रॅक्टरवाला म्हणतो, अंधारात सायकल दिसतच नाही. खरं आहे, पण ट्रॉली तरी कुठे दिसते? केंद्रीय मोटार वाहन नियम १०४ नुसार ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. ते असले तरी बऱ्याचदा चिखलाने किंवा उसाने झाकलेले. नव्या सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठीही केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला. जुन्या सायकलींचं काय, हा प्रश्न उरतोच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत पायडलची सायकल ‘मोटार वाहन’ नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावरचा हक्क मात्र पुरा आहे. ‘टॅक्स आम्ही भरतो’ हा मोटारवाल्यांचा आवडता मुद्दा इथे फोल ठरतो. एकेकाळी सायकललाही कराचा बिल्ला लागायचाच की!

वाहन ठोकरून पळालं आणि सापडलं नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृताच्या वारसांना २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा.