टू-बीएचकेत मावणारं रेल्वे यार्ड

पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून बाहेर पडलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपण घरी करूया का?" आणि आई-बाबा एकमेकांकडे बघतात. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड कुठे ठेवायचा यावरून वाद होतात, तिथे रेल्वे?

होऊ शकते. फक्त एक्सप्रेसचा हट्ट सोडायचा. एचओ म्हणजे १:८७ या मापात जर्मनीचा लांब प्रवासी डबा ३० सेंटीमीटरचा होतो. असे पाच-सहा डबे गोल फिरवायचे तर डायनिंग टेबलही अपुरं. त्याऐवजी शंटिंगचं डिझेल इंजिन घ्या, म्हणजे यार्डात डबे ढकलणारं, ओढणारं. १९५० च्या दशकातलं 'व्ही ६०' खऱ्या आयुष्यात ६५० अश्वशक्तीचं, पण मॉडेल जेमतेम १२ सेंटीमीटर. चाकांना जोडणारे दांडे चालताना खालीवर होतात, ते बघण्यातच निम्मी मजा! 'क्यॉफ' तर त्याहून चिमुकलं, साडेसात सेंटीमीटरचं.

जर्मन शंटिंग इंजिनं आपल्याला परकी नाहीत बरं का. भारतीय रेल्वेने १९६० च्या दशकात 'माक' या जर्मन कंपनीची डब्ल्यूडीएस-३ इंजिनं घेतली होती.

आता खेळ. दीड मीटर लांब, फूटभर रुंद फळी पुरे. तीन रूळ टाका: एकावर पाच डबे मावतील, उरलेल्या दोनांवर तीन-तीन. आठ वेगवेगळे मालडबे घ्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडा आणि त्याच क्रमाने लांब रुळावर लावा. इंजिनाच्या बाजूलाही एका वेळी तीनच डब्यांची जागा ठेवायची. ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांचं हे कोडं. पाच डब्यांच्या रांगा ६,७२० तऱ्हांनी लागू शकतात, म्हणजे रोज एक सोडवलं तरी अठरा वर्षं! आजोबा आणि सात वर्षांची नात इथे अगदी बरोबरीने अडकतात.

खरेदीआधी एक गोष्ट विचाराच. मार्कलिनची एचओ इंजिनं वेगळ्या पद्धतीने वीज घेतात, त्यांच्या रुळांच्या मधोमध बारीक खुंट्यांची ओळ असते. रोको किंवा फ्लाइशमानच्या साध्या दोन रुळांवर ती चालत नाहीत. स्वस्तात जुनं इंजिन मिळालं म्हणून घेऊ नका, आधी रूळ कोणते ते ठरवा.

आणि धूळ! छोट्या इंजिनाची मोजकीच चाकं वीज घेतात, त्यामुळे सांधे बदलताना ते हमखास अडतं. मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मोठ्यांनी रूळ पुसावेत, वीज बंद करून.